शेजारधर्म आणि वेगळं मत : ऐकायला शिकवणारा एक पाठ



मित्र निवडता येतो, शेजारी निवडता येत नाही. घर घेताना आपण पाणी बघतो, उजेड बघतो, शाळा किती लांब आहे ते बघतो. पण भिंतीपलीकडे कोण राहायला येणार हे आपल्या हातात नसतं. तरीही रात्री-अपरात्री घरात कुणाच्या छातीत दुखायला लागलं, तर पहिली बेल वाजते ती शेजारच्याच दाराची. म्हणून तर आपल्या भाषेत 'शेजारधर्म' हा शब्द आहे. विरजण देणं, गावाला जाताना किल्ली ठेवून जाणं, लग्नकार्यात पाहुण्यांसाठी आपली एक खोली उघडून देणं, हे सगळं मुलं बघत बघत शिकतात.

पण शेजाऱ्याचं मत आपल्याला अजिबात पटत नसेल, तेव्हाचा शेजारधर्म कोणता? हे त्यांना सहसा कुणी शिकवत नाही. उलट घरात कानावर काय पडतं? "त्यांना काय कळतंय!" "ती माणसंच तसली." "त्यांच्या तोंडाला लागू नकोस." अशा एकेका वाक्याने आपण समोरच्याचं म्हणणं पाटीवरच्या अक्षरासारखं पुसून टाकतो. सुरुवात होते पाण्याच्या वेळेवरून, पार्किंगवरून, भटक्या कुत्र्यांवरून नाहीतर निवडणुकीवरून. मग मोठी माणसं जिन्यात भेटली तरी मान वळवतात, आणि एके दिवशी मुलांना सांगितलं जातं, "त्यांच्याकडे खेळायला जायचं नाही." भांडण मोठ्यांचं, शिक्षा मुलांना.

आजचा पाठ त्यासाठी आहे. साधारण सहावी ते नववीच्या वर्गाला दोन तासिकांमध्ये घेता येईल असा तो मांडला आहे. पालकांना घरी करता येईल असाही भाग शेवटी आहे.

पाठाचा गाभा

मुलांना एकच गोष्ट कळली तरी पाठ सफल झाला असं समजावं. ती अशी : समोरच्याचं म्हणणं आपण आपल्या शब्दांत सांगितलं आणि तो म्हणाला, "हो, हेच म्हणायचं होतं मला," तर आपण ऐकलं. तोपर्यंत नुसता आवाज कानावर पडला.

यातून ऐकणं म्हणजे काय नाही, हेही स्पष्ट होतं. ऐकणं म्हणजे होकार देणं नाही. ऐकणं म्हणजे वडीलधाऱ्यांपुढे मान खाली घालून गप्प बसणंही नाही. आणि आपली बोलायची पाळी कधी येते याची वाट बघत बसणं तर मुळीच नाही. समोरचा बोलत असताना आपण मनात उत्तर जुळवत असतो, ही सवय मुलांनाच नाही, आपल्यालाही आहे. वर्गात हा प्रश्न थेट विचारावा : "कुणी बोलत असताना तुम्ही मनात काय करत असता?" मुलं फार खरी उत्तरं देतात.

हत्तीची गोष्ट, थोडी पुढे नेऊन

आंधळे आणि हत्ती ही गोष्ट सगळ्या मुलांना माहीत असते. कुणाला हत्ती खांबासारखा वाटला, कुणाला सुपासारखा, कुणाला दोरासारखा. जैन परंपरेत अनेकांतवाद, म्हणजे सत्याला अनेक बाजू असतात हा विचार, समजावताना ही गोष्ट सांगतात. बौद्धांच्या 'उदान' या पाली ग्रंथातही ती येते.

आपण गोष्ट सांगतो आणि "सगळ्यांचंच थोडं थोडं खरं असतं" असं म्हणून पुढे जातो. इथे जरा थांबावं आणि मुलांना विचारावं, "त्या माणसांची चूक नेमकी कोणती?" हत्तीचा एकच भाग हाताला लागला, ही त्यांची चूक नव्हती. कुणाच्याही हाताला एका वेळी एकच भाग लागणार. चूक ही, की त्यांच्यातल्या एकानेही दुसऱ्याला विचारलं नाही, "तू कुठे उभा आहेस?"

हा प्रश्न फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा. शेजाऱ्याचं मत विचित्र वाटलं, तर आधी तो कुठे उभा आहे ते बघायचं. तळमजल्यावर राहणाऱ्याला पाणी भरपूर येतं आणि वरच्या मजल्यावर धार बारीक होते. दोघं एकाच नळाबद्दल बोलत असतात, पण दोघांची सकाळ वेगळी असते.

वादाची आपली जुनी रीत : पूर्वपक्ष

आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांमध्ये वाद मांडण्याची एक शिस्त होती. आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं मांडायचं. मग त्याचं खंडन, आणि शेवटी उत्तरपक्ष किंवा सिद्धान्त. न्याय, मीमांसा, वेदान्त अशा दर्शनांमधल्या भाष्यांत ही मांडणी जागोजागी दिसते. प्रतिपक्षाचं म्हणणं कमकुवत करून मांडलं आणि मग ते पाडलं, तर त्यात पुरुषार्थ काय? ते त्याच्या पूर्ण बळानिशी मांडून दाखवायचं, मगच आपलं सांगायचं.

मुलांना हे खेळाच्या भाषेत लगेच कळतं. समोरच्या संघाचे चांगले खेळाडू बाहेर बसवून कबड्डी जिंकली, तर ती जिंकल्यासारखी वाटेल का? वर्गात आपण याला 'पूर्वपक्षाची फेरी' म्हणू. नियम एकच : स्वतःचं मत सांगण्याआधी समोरच्याचं मत त्याला मान्य होईल असं सांगून दाखवायचं.

एका गावाने काय केलं : मेंढा (लेखा)

"हे सगळं पुस्तकात ठीक आहे, खऱ्या आयुष्यात असं कोण करतं?" हा प्रश्न मुलं विचारणारच, आणि त्यांनी विचारायलाच हवा. उत्तर म्हणून गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव सांगता येईल. प्रामुख्याने गोंड आदिवासींचं, लहानसं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा महाराष्ट्रभर पोचली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांमध्ये त्याचं नाव घेतलं जातं. २०११ साली गावाने स्वतःच्या हक्काने बांबू विकायला सुरुवात केली.

आपल्या पाठासाठी महत्त्वाची आहे ती या गावाची ठरवण्याची रीत. ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. हात वर करून 'इतके इकडे, तितके तिकडे' असं मोजत नाहीत. कुणाचा विरोध असेल तर निर्णय पुढे ढकलतात आणि पुन्हा बोलतात.

दुसरी गोष्ट तर शिक्षकांनी जरूर टिपून ठेवावी. गावात ग्रामसभेखेरीज 'अभ्यास गट' असतात. तिथे एखाद्या विषयावर चर्चा होते, माहिती घेतली जाते, बाहेरच्या जाणकारांना बोलावलं जातं. पण तिथे निर्णय घेतला जात नाही. निर्णय ग्रामसभेतच.

याचा फायदा बघा. निर्णय आज होणार नाही हे माहीत असलं, की हरण्याची भीती राहत नाही. भीती नसली की माणूस मोकळेपणाने ऐकतो, "हे मला माहीत नव्हतं" असं म्हणू शकतो. आपल्या इमारतींच्या सभांमध्ये नेमकं उलटं होतं. विषय तिथेच पहिल्यांदा कळतो, तिथेच वाद होतो आणि तिथेच हात वर होतात. मग ऐकायला वेळ मिळणार कधी? ऐकायची बैठक वेगळी आणि ठरवायची बैठक वेगळी, एवढं जरी आपण या गावाकडून घेतलं तरी पुष्कळ झालं.

२०१३ साली या गावातल्या जमीनमालकांनी आपली शेतजमीन ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला. जमिनीच्या बांधावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात, हे आपण पाहतो. त्या पार्श्वभूमीवर ही गोष्ट मुलांना सांगितली की ऐकण्याचं बळ त्यांच्या लक्षात येतं.

इथे एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारेल, "सर, एकाच माणसाने हट्ट धरला तर सगळं गाव अडून बसणार का?" प्रश्न रास्त आहे. त्यावर मुलांनाच बोलू द्यावं. चर्चा बहुधा इथे येते : नकार देणाऱ्यालाही कारण सांगावं लागतं आणि इतरांचं ऐकावं लागतं. ऐकण्याचा नियम थोड्यांना आणि पुष्कळांना सारखाच लागू आहे.

वर्गातला उपक्रम : इमारतीतला गणपती आणि स्पीकर

आता मुलांच्या ओळखीचा प्रसंग घेऊ. एका चार मजली इमारतीत गणपती बसतो. रात्री उशिरापर्यंत स्पीकर चालू असतो. चार मुलांना चार भूमिका द्याव्यात : मंडळाचा दादा, दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा, बारावीत शिकणारी ताई आणि रात्रपाळीहून सकाळी घरी येणाऱ्या काकू. बाकीचा वर्ग ऐकणार आणि नोंदी घेणार.

पहिल्या फेरीत गाडी कुठे अडते ते बघा.

दादा म्हणतो, "आजोबा, वर्षातले दहा दिवस तर असतात. एरवी सगळी पोरं मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली. स्पीकर लावला की खाली उतरतात, एकत्र येतात."

आजोबा म्हणतात, "म्हणजे तुम्हाला नुसता धिंगाणा घालायचाय."

इथे शिक्षकांनी थांबवावं. "दादा, तुला हेच म्हणायचं होतं का?" दादा मान हलवतो, नाही. मग आजोबांना दुसरी संधी द्यायची.

"तुला असं म्हणायचंय, की स्पीकर हे निमित्त आहे. पोरं एकत्र यावीत, हे खरं कारण. बरोबर?"

"हो आजोबा, तेच."

आता दादाची पाळी. आजोबा सांगतात, "माझी बायपास झालीय. दणदणाट सुरू झाला की छातीत धडधडतं. सांगायला आलो की तुम्ही म्हणता, आजोबांना गणपतीच नको."

दादाने म्हणून दाखवायचं, "तुम्हाला गणपती हवाय, आरतीलाही यायचंय. रात्रीचा आवाज तेवढा सोसत नाही."

या दोन वाक्यांनी काय बदललं, हे मुलांना विचारावं. आधी वाद होता 'स्पीकर हवा की नको' असा. त्यात एक जिंकणार, एक हरणार. आता प्रश्न झाला, 'आजोबांना त्रास न होता पोरं खाली कशी येतील?' या प्रश्नाला मुलंच उत्तरं सुचवतात. आरती लवकर घ्यायची, एक दिवस पंगत, एक दिवस खेळ, एक दिवस आजोबांनी जुन्या गणेशोत्सवाच्या आठवणी सांगायच्या. ताईचा अभ्यास आणि काकूंची सकाळची झोप यांचाही विचार मग आपोआप होतो.

चार रकान्यांचा तक्ता

दुसऱ्या तासिकेत वहीत चार रकाने आखून घ्यावेत : वस्तुस्थिती, अनुभव, गरज आणि मत. आदल्या दिवशीच्या चर्चेतली वाक्यं मुलांनी योग्य रकान्यात लिहायची.

'आवाजाने छातीत धडधडतं' हा अनुभव. तो खोडता येत नाही, ऐकायचा असतो. 'पोरं एकत्र यावीत' ही गरज. 'स्पीकरशिवाय गणपतीत मजा नाही' हे मत. ते बदलू शकतं.

वस्तुस्थिती मात्र तपासून घ्यायची असते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागासाठी आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. हे दादालाही माहीत हवं आणि आजोबांनाही. आपल्या गावात यंदा कोणत्या दिवशी सूट आहे, हे मुलांनी मोठ्यांच्या मदतीने शोधून काढावं.

हा तक्ता भरताना मुलांच्या एक गोष्ट लक्षात येते. बरीचशी भांडणं मतांच्या रकान्यात होतात आणि बरेचसे मार्ग गरजांच्या रकान्यात सापडतात.

तक्ता पूर्ण झाला की एक प्रश्न जरूर विचारावा : "या चर्चेत कोण आलंच नाही?" थोडा वेळ वर्ग शांत होतो. मग कुणीतरी म्हणतं, "सकाळी कचरा उचलायला येणाऱ्या मावशी." कुणी म्हणतं, "भाड्याने राहणारे." कुणी म्हणतं, "लहान बाळ, त्याला तर बोलताच येत नाही." ज्यांना सभेला बोलावलंच जात नाही, त्यांचं ऐकायचं कसं, हा पुढच्या तासाचा विषय होऊ शकतो.

अवघड प्रश्न : काहीही ऐकून घ्यायचं का?

मान ठेवून ऐकायला शिकवताना आपण मुलांना चुकीची गोष्ट शिकवत नाही ना, हेही बघायला हवं. म्हणून तीन मर्यादा स्पष्ट सांगाव्यात.

एक, मान माणसाचा ठेवायचा, प्रत्येक मताचा नाही. मत चुकीचं वाटलं तर "मला हे पटत नाही, कारण..." असं म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे. संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने भाषण-अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दिलं आहे आणि ५१-क मध्ये बंधुभाव वाढवणं हे कर्तव्य सांगितलं आहे. दोन्ही वाक्यं एकाच संविधानातली आहेत, हे मुलांना दाखवून द्यावं.

दोन, वस्तुस्थिती मतदानाने ठरत नाही. डबक्यात डास होतात की नाही, यावर 'तुमचं मत वेगळं, आमचं वेगळं' असं चालणार नाही. तिथे आपुलकीने सांगायचं, दाखवायचं आणि डबकं बुजवायचं.

तीन, "या जातीच्या, या धर्माच्या माणसाला आपल्या इमारतीत घर द्यायला नको," असं कुणी म्हणालं तर ते नुसतं वेगळं मत नसतं. त्यात दुसऱ्याचा माणूस म्हणून जगण्याचा हक्क नाकारलेला असतो. तिथे शिक्षकांनी मोघम बोलू नये, हे चुकीचं आहे असं स्वच्छ सांगावं. ज्याचा अपमान झाला त्यालाच "तू शांतपणे ऐकून घे" असं सांगणं तर मुळीच योग्य नाही. ऐकायचं ओझं नेहमी दुबळ्याच्याच खांद्यावर पडत असेल, तर त्याला शेजारधर्म म्हणत नाहीत.

पालकांसाठी

पालकहो, वर्गातल्या दोन तासिकांपेक्षा घरातल्या जेवणाच्या वेळा जास्त असतात. मुलं ऐकायला शिकतात ती आपल्याला ऐकताना बघून. तीन साध्या गोष्टी करून बघा.

शेजाऱ्यांविषयी घरात तक्रार करायची वेळ आली, तर त्यात एक वाक्य त्यांच्या बाजूचंही घाला. "त्यांनी गाडी आडवी लावली" याच्या जोडीला "त्यांच्या आईला चालता येत नाही, म्हणून दारापर्यंत आणत असतील" हेही म्हणा. राग आलाच तर येऊ द्या, पण ते वाक्य मुलाच्या कानावर पडू द्या.

मतभेदाचा विषय इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रंगायला लागला, तर तिथे उत्तर न लिहिता जिना चढून जा. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो, त्यामुळे साधी विचारणाही टोमण्यासारखी वाचली जाते. दारात उभं राहून तोच प्रश्न विचारला की बहुतेक वेळा आधी "या, बसा" ऐकू येतं. शक्य असेल तर मुलाला बरोबर न्या.

आणि मुलाचं मत आपल्यापेक्षा वेगळं असेल, तर पूर्वपक्षाची फेरी आधी स्वतः खेळा. "तुला असं म्हणायचंय का, की..." असं म्हणून त्याचं म्हणणं त्याला सांगून दाखवा. आपलं म्हणणं आई-बाबांना नीट कळलंय, हे ज्या मुलाने अनुभवलंय, तेच मूल उद्या शेजारच्या काकांचं म्हणणं नीट ऐकेल.

स्वाध्याय

१. घरातल्या किंवा शेजारच्या एका मोठ्या माणसाला विचारा : "असं कोणतं मत आहे, जे तुम्ही सांगता पण कुणी नीट ऐकत नाही?" मध्ये न बोलता ऐका. नंतर ते आपल्या शब्दांत सांगून दाखवा. ते "हो, बरोबर" म्हणेपर्यंत पुन्हा प्रयत्न करा. किती वेळा सांगावं लागलं, ते वहीत लिहा.

२. आपल्या वस्तीतला एक मतभेद निवडा आणि चार रकान्यांचा तक्ता भरा.

३. तुम्हाला न पटणाऱ्या एका मताच्या बाजूने दहा ओळी लिहा. त्या मताच्या माणसाने वाचल्या तर त्याला आपलंच म्हणणं वाटलं पाहिजे.

मूल्यमापन करताना मुलाचं मत कोणतं आहे याला गुण देऊ नयेत. समोरच्याचं म्हणणं त्याने किती नेमकं मांडलं, याला द्यावेत. पहिल्या स्वाध्यायात ज्याला चार-पाच वेळा प्रयत्न करावा लागला आणि तरी त्याने सोडलं नाही, त्याचं वर्गापुढे खास कौतुक करा. ऐकणं अवघड असतं, हे त्याला स्वतःच्या अनुभवाने कळलेलं असतं.